पंचमीचं प्रदर्शन

मंदे, पेपरात तुझी बातमी आली. दोन बोटांएवढी. तुला 'ज्येष्ठ चित्रकार' केलंय. अगं, परवा-परवापर्यंत शिडीवर चढून भिंती रंगवणारी बाई ज्येष्ठ कशी होईल? तुझं शिक्षण, तुझी बक्षिसं, सांगलीतली प्रदर्शनं, सगळं ओळीनं दिलंय, आणि सगळं वाचून झालं तरी 'हो, हीच आमची मंदी' असं म्हणावं असं एक अक्षर त्यात सापडेना. शेवटी 'स्त्रीवादी' असा शब्द घातलाय. तो तुला आवडला असता. मला तो म्हणताना जीभ अडायची आणि तू पोट धरून हसायचीस. आता हसणारी नाहीस, तर मी येता-जाता तो म्हणून बघते. अजून अडते.

शोकसभेत मला बोलायला उभी केली होती. माईक धरून नुसती उभी राहिले, शेवटी माईकवाल्यानंच पाणी आणून दिलं. सगळ्यांना वाटलं, बिचारी सुशीला, मैत्रिणीच्या दुःखानं बोलवेना. दुःख होतंच. पण खरं सांगू, मला तुझ्याविषयी चार माणसांत बोलायचंच नव्हतं. मला तुझ्याशी बोलायचंय. आपलं एक भांडण राहिलंय, तुझ्या भावाचं. इतकी वर्षं पंचमीला तुला न्यायला कुणी आलं नाही, आणि ज्या वर्षी तो स्वतः येतो म्हणाला त्या वर्षी तू नको म्हणालीस. ते बरोबर की चूक, हे आपण कराडच्या स्टँडवर काढलं आणि तू ते अर्धं टाकून निघून गेलीस. अशी सोडते व्हय मी तुला?

पहिल्यांदा तू आमच्या दारात आलीस ती सायकलवरून. धाकट्या दिराचं लग्न होतं. आपल्या इस्लामपूरकडे लग्नघराची पुढची भिंत रंगवून घेतात, मध्ये 'शुभविवाह', खाली नवरानवरीची नावं, वर गणपती, आणि दाराच्या दोन अंगांना भालदार-चोपदार. ठरलेला पेंटर दुसऱ्या गावच्या लग्नात अडकला आणि त्यानं तुला धाडलं. कॅरिअरला रंगाचे डबे, खांद्याला झोळी, गळा मोकळा. सासूबाईंच्या कानावर तुझी कीर्ती आधीच गेलेली. त्यांनी मला बाजूला ओढलं आणि कुजबुजल्या, म्हणजे त्यांच्या मते कुजबुजल्या, की ही टाकलेली बाई हाय, हिच्या हातनं शुभविवाह लिवून घ्यायचा व्हय? तू शिडीवर होतीस. मागं न बघता म्हणालीस, "काकू, मला कुणी टाकलं नाही, मीच टाकून आलेय. गणपतीची सोंड डावीकडे काढू का उजवीकडे?"

सोंडेचा प्रश्न आल्यावर सासूबाई बाकीचं सगळं विसरल्या. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळंओवळं कुणी सांभाळायचं, लग्नघरात डावाच बरा, अशी ती चर्चा तासभर चालली आणि तेवढ्यात तुझी निम्मी भिंत झाली. लग्न पार पडलं, पाहुणे गेले, फोटो धुऊन आले, तेव्हा कुठं मामंजींच्या लक्षात आलं की दाराच्या एका अंगाला भालदार आहे आणि दुसऱ्या अंगाला हातात दंड घेतलेली नऊवारीतली बाई उभी आहे. ते लाल झाले. मी तोंडात पदर कोंबून मागल्या दारी पळाले. दुसऱ्या दिवशी तुझी खोली हुडकत गेले ती तुझ्याशी मैत्री करायलाच.

तुझं सगळं तू मला सांगितलंस ते चहा उकळेपर्यंतच्या वेळात. नवरा ब्रश मोडायचा, कागद बंबात घालायचा. तू परत आणायचीस. एक दिवस त्यानं उजवा हात पिरगळला, तेव्हा तू उठून साताऱ्याला भावाच्या घरी आलीस. आईवडील नव्हते. अण्णांनी, म्हणजे तुझ्या थोरल्या भावानं, जेवू घातलं आणि जेवण झाल्यावर सांगितलं की नांदायला परत जा, नाहीतर या दारात पाऊल ठेवू नको, मला तीन पोरी उजवायच्यात. तू हात धुतलास आणि निघालीस. इस्लामपुरात एका शाळेत चित्रकलेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या, त्यांच्या जागेवर लागलीस. त्या परत आल्या, तुझी नोकरी गेली, तू राहिलीस. हे सगळं सांगताना तुझा आवाज जरासुद्धा हलला नाही. फक्त चहात साखर घालायला विसरलीस, आणि मी तसाच प्यायले.

मग माझ्या शिवणक्लासात घुसलीस. सोसायटीच्या हॉलमध्ये माझा क्लास भरायचा. शनिवारचा एक तास मला दे म्हणालीस. मी म्हटलं, माझ्या बायकांना कटोरी ब्लाउज बेतायला येईना अजून आणि तू त्यांना चित्रं शिकवणार? तू म्हणालीस, शिकवायचं काय त्यात, रांगोळी काढतातच की. बेतायचा खाकी कागद माझा, रंग तुझे. म्हणजे रंग कसले, चुना, नीळ, काव, हळद. ब्रश कुणी हातात धरेना. बोटानं, काडीला कापूस गुंडाळून, चिंधीनं, जसं जमेल तसं. पहिल्या शनिवारी सगळ्यांनी तुळशी काढल्या. दुसऱ्या शनिवारी परत तुळशी. तिसऱ्या शनिवारी तू वैतागलीस आणि म्हणालीस, आपापलं घर काढा.

काय काढलं म्हणतेस त्यांनी! खोपटं, कौलारू, माळवदाची घरं, दारात चिंच, परड्यात शेळी, उंबऱ्यावर बसलेला म्हातारा. मी एकेक कागद बघत गेले आणि माझ्या डोक्यात उजेड पडला की यातलं एकही घर आमच्या गावात नाही. सगळ्यांनी माहेर काढलं होतं. एकीनंही, मंदे, ज्या घरात ती रोज चूल पेटवते ते घर काढलं नव्हतं. तू जमिनीवर मांडी घालून बसलीस आणि सगळे कागद परत एकदा बघितलेस. मग म्हणालीस, याचं प्रदर्शन भरवायचं.

एक हौसाक्का तेवढी रडकुंडीला आली होती. हॉल झाडायची ती. जतकडच्या मेंढपाळांची लेक. नवरा मेल्यावर ऊसतोडीच्या माणसांबरोबर इकडं आली आणि इथंच राहिली. तिला कागद द्यायला मी विसरले होते, तू दिलास. ती म्हणाली, "आवं बाई, आमचं घर हिंडतं हुतं. आज हितं, उद्या तितं. कसं काडू?" तू म्हणालीस, हिंडतं काढा. मग तिनं कागदभर मेंढरं काढली, चुन्याच्या नुसत्या टिकल्या, मध्ये एक घोडं, घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबडी. तिचे भाऊ मेंढरं घेऊन कर्नाटकात उतरले ते परत कुठं भेटलेच नाहीत. पण चित्रात सगळे होते.

आता तुझ्या चुकीकडे येते. प्रदर्शनाला दिवस तू ठरवलास, नागपंचमी. सणाचा दिवस, बायकांना सवड असते, असं तुझं म्हणणं. आणि आम्ही सगळ्या मुंडी हलवत बसलो! अगं, पंचमीला गावातली एक सून तरी गावात असते का? भाऊ न्यायला येतो, मुराळी म्हणतो आपण त्याला, आणि दोन दिवस आधीच सगळ्या पिशव्या भरून बसलेल्या असतात. पण प्रत्येकीला वाटलं, मी नसले म्हणून काय झालं, बाकीच्या आहेत. मलाही तसंच वाटलं. आदल्या दिवशी माझा भाऊ फलटणहून आला आणि मी गेले. कुणीही जाईल. तुला मात्र ते सुचलंच नाही. पंचमीला गाव रिकामं होतं हे विसरायला बाईला किती वर्षं घरच्यांशिवाय काढावी लागत असतील, हा विचार माझ्या मनात नंतर आला. तेव्हा मी भावाच्या मागं बसून झोके आणि पुरणाची दिंडं आठवत चालले होते.

त्या दिवसाचं सगळं तुझ्याच तोंडून ऐकलेलं आहे, आणि दरवेळी तू त्यात थोडं मीठमसाला वाढवायचीस. तू पहाटेपासून दोऱ्या बांधल्यास, कपड्यांचे चिमटे लावून चित्रं टांगलीस, दारात रांगोळी घातलीस आणि खुर्ची टाकून बसलीस. कुणी येईना. बाप्ये सगळे शिराळ्याला नाग बघायला गेलेले. चित्रं काढणाऱ्या माहेरी. दुपारपर्यंत हॉलमध्ये तू आणि भिंतीवरची घरं. मग हौसाक्का आली, आपलं चित्र बघायला. तिच्या मागून एक नर्सबाई आली, तिला कुणी नव्हतं. मग एक नवऱ्यानं आणि माहेरानंही सोडलेली. गावात अशा किती असतात ते पंचमीलाच दिसतं, एरवी त्या गर्दीत मिसळून जातात. तू स्टोव्हवर चहा केलास. हौसाक्कानं फेराचं एक लांबलचक गाणं म्हटलं. चार डोकी होती तुम्ही, पण तू म्हणायचीस, सुशे, असा सण मी उभ्या जन्मात केला नाही.

उन्हं कलल्यावर गावच्या लेकी आल्या. झोक्याकडे निघाल्या होत्या, हॉल उघडा दिसला म्हणून शिरल्या. आणि मग एकच कालवा झाला. एकीला भिंतीवर आपल्या सासरच्या शेजारचं घर दिसलं. दुसरी म्हणाली ही चिंच आमच्या गल्लीतली. इथल्या लेकी तिकडे दिलेल्या, तिकडच्या लेकी इथं सुना. वहिनीचं माहेर कसं होतं हे त्या नणंदांनी पहिल्यांदाच डोळ्यांनी बघितलं. दिवेलागण झाली तरी हालेनात.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे चेअरमन आले. त्याला मी साक्षीदार आहे, तुझी काळजी वाटून सकाळच्या गाडीनं परत आले होते. आपल्या सौभाग्यवतीनं घर काढलंय असं त्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे इस्त्रीचे कपडे घालून, पंचमीला माहेरी आलेल्या बहिणीला बरोबर घेऊन आले. नवा बंगला बांधलेला. भिंतीवर बंगला शोधत तीन फेऱ्या मारल्या. मग नावाची चिठ्ठी वाचून एका पत्र्याच्या घरासमोर उभे राहिले. त्या घराला धड खिडकी नव्हती. चेअरमनांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ह्यो आमचा बंगला न्हाई, म्हणाले. तू म्हणालीस, नाहीच, हे त्यांचं घर आहे. झालं! गावात बदनामी चाललीय, सोसायटीचा हॉल काय असल्या धंद्यासाठी दिला नाही, आत्ताच्या आत्ता कुलूप लावा. हॉल गेला तर माझा क्लासही जाणार होता.

तेव्हा त्यांची बहीण बोलली. खाली मान घालून उभी होती ती. म्हणाली, "दादा, मला काडाय सांगितलं असतं, तर मी आपलंच घर काडलं असतं. मग माझ्या सासरच्यांनी कुनाला कुलूप लावायचं?"

चेअरमन तिच्याकडे बघत राहिले. नंतर परत त्या पत्र्याच्या घराकडे बघितलं. किल्ली त्यांनी खिशात घातली आणि म्हणाले, पावसाचं चित्राला पानी लागंल, ती कोपऱ्यातली दोरी आत घ्या. एवढंच. त्या वर्षी लातूरकडचा भूकंप झाला तेव्हा मदतीचे कपडे गोळा करायला तोच हॉल त्यांनी आपण होऊन तुझ्या ताब्यात दिला.

तेव्हापासून दर पंचमीला तुझं प्रदर्शन. तारीख बदल, असं मी दरवर्षी सांगायचे. तू नाही म्हणायचीस. ज्यांना न्यायला येतात त्या जातील, ज्यांना कुणी येत नाही त्या इथं येतील. आणि येऊ लागल्या. आष्ट्याहून, शिराळ्याहून, एक तर पार आटपाडीहून, गाठोड्यात दिंडं बांधून. चित्रं पण त्याच काढायच्या. चूल काढली, विहीर काढली, एका वर्षी सगळ्यांनी आपापल्या चपला काढल्या. ते सगळं तू टेम्पोत घालून गावोगाव नेलंस, ज्या गावचं घर त्या गावात. एका गावात एका म्हाताऱ्या आईनं लेकीनं काढलेलं आपलं परडं बघितलं आणि त्या कागदावरून हात फिरवत बसली. तू आतल्या खोलीत जाऊन नाक शिंकरून आलीस. मला म्हणालीस, धूळ आहे.

पण मंदे, तुझी चित्रं? ते आपलं दुसरं भांडण. सांगलीत तुझी पाठमोऱ्या बायकांची चित्रं लागली होती. सगळ्या पाठीच. भाकरी थापणाऱ्या पाठी, ऊस खुरपणाऱ्या, न्हाऊ घालायला पायांवर बाळ टाकून वाकलेल्या. एका भारी झब्बावाल्यानं विचारलं, चेहरे का नाहीत? तू म्हणालीस, चेहरे सगळ्यांनी बघितलेत. मी त्या रांगेत मशीनवर वाकलेली माझी पाठ ओळखली आणि मला तिथंच रडू फुटलं. इतकी वर्षं तिला कुणी बघितलेलं नव्हतं, मीसुद्धा. एवढं ज्या बाईला जमतं तिनं दुसऱ्यांचे कागद टांगत दोऱ्या बांधत का हिंडावं? मी कितीदा म्हटलं, वर्षभर ते प्रदर्शन बंद ठेव, पुण्याला जा, मोठं काम कर. पंचमीच्या प्रदर्शनात तू स्वतःचं एक चित्र कधी लावलं नाहीस. विचारलं की म्हणायचीस, जागा नाही. जागा नव्हती व्हय? खोटारडी.

आणि मग साताऱ्याचं प्रदर्शन. शाळेचा हॉल तुझ्या भावाच्या घरापासून चार गल्ल्यांवर होता आणि तू चारही दिवस त्या बाजूला तोंडसुद्धा केलं नाहीस. शेवटच्या संध्याकाळी आपण चिमटे काढत होतो, तेव्हा अण्णा आले. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, पण कपाळ तुझंच. सगळी चित्रं बघितली, चष्मा काढून, चष्मा लावून. मग तुझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि धाकटीचं लग्न झालं गेल्या महिन्यात, असं म्हणाले. तू म्हणालीस, कळलं. मी मुद्दाम दोरी गुंडाळत राहिले.

"मंदा, पंचमीला ये," अण्णा म्हणाले. "मी न्यायला येतो."

मी मनात तुझी पिशवी भरायलाही घेतली, खोटं नाही सांगत. आणि तू, तू म्हणालीस, "पंचमीला मला सुट्टी नसते, अण्णा." असं म्हणून चिमट्यांची टोपली उचललीस. ते बरं म्हणून गेले. दारात त्यांना उंबरा लागला.

एस.टी.त मी तुझ्याशी बोलले नाही. उंब्रज गेलं तरी नाही. कराडला गाडी थांबली, चहा घ्यायला उतरलो आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. जन्मभर ज्याची वाट बघितलीस तो आला तर तोंडात मारल्यासारखा परत पाठवलास, एवढा ताठा कुणासाठी? तू म्हणालीस, त्याच्या पोरी उजवल्या, मग त्याला बहीण आठवली. मी म्हटलं, आठवली ना पण! ज्यांना मरेपर्यंत आठवत नाहीत त्यांचं काय? मग म्हणालीस, "सुशे, त्या दिवशी हॉलमध्ये ज्या येतात, त्यांना मी काय सांगू? मला न्यायला आलेत, तुम्ही बसा, असं?"

मी आणखी चिडले. म्हटलं, आनंदच झाला असता त्यांना. तू म्हणालीस, हौसाक्काला विचारून बघ. कंडक्टरनं बेल मारली, आपण चढलो, आणि ते भांडण तसंच राहिलं. महिना-दीड महिना आपण फक्त कामापुरतं बोललो. मग तुझ्या पोटात दुखायला लागलं.

सांगलीच्या दवाखान्यात तुझ्या उशाला बसून मी तुला काय काय सांगणार होते! तुझ्यामुळे मी बोलायला शिकले. सासूबाईंनी मरताना तुझी आठवण काढली होती. आमच्या भिंतीवरच्या त्या दंडवाल्या बाईवर मी अजून चुना मारू दिलेला नाही. त्यातलं एक वाक्य तोंडातून निघालं नाही. तू विचारलंस, क्लासच्या मशीनला तेल घातलंस का, आणि मी म्हटलं, घातलं. अण्णांना कळवू का म्हटलं तर तू मान हलवलीस, पावसापाण्याचा धडपडत येईल म्हणालीस. मी तरी फोन केला. ते निघाले, पण तू थांबली नाहीस. घाटावर ते एका बाजूला छत्री मिटून उभे होते आणि भिजत होते.

मंदे, त्यानंतर मी ठरवलं होतं की या वर्षी प्रदर्शन नाही. माझ्यात ताकद नव्हती. हौसाक्कानं माझं न ऐकता हॉल झाडला. आटपाडीची बाई येणार म्हणून निरोप आला. मग मी माझ्या भावाला फलटणला कळवलं की न्यायला येऊ नको, आणि दोऱ्या बांधायला घेतल्या. या खेपेला तुझ्या पाठी लावल्या, सगळ्या. ये आता भांडायला. जागा भरपूर होती. बायकांनी एकमेकींना पाठीवरून ओळखलं, पदर खोचायच्या तऱ्हेवरून, शेपट्यावरून. ही मी, ती तू, असं करत अशा हसल्या की बाहेरून माणसं बघायला आली. तू गेल्यावर त्या हॉलमध्ये पहिल्यांदा मोठ्यानं हसणं ऐकलं आणि मला अपराध्यासारखं वाटलं नाही. बरं वाटलं.

आणि ऐन पंचमीच्या दिवशी, दुपारी, अण्णा आले. न्यायला यायचं तर आदल्या दिवशी येतात हेही त्या माणसाला ठाऊक नाही, सवयच नाही ना. हातात पिशवी. त्यात वहिनींनी चोळीचा खण घातलेला, रिकाम्या हातानं न्यायला जाऊ नये म्हणून. कुणाला न्यायला, ते त्या नवराबायकोंपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. मला म्हणाले, घरात बसवेना. सगळ्या पाठींसमोरून हळूहळू गेले. जात्यावर बसलेल्या एका बाईपाशी थांबले. ही आमची आई, म्हणाले, उजवा खांदा असाच वर असायचा. ते मला माहीत नव्हतं, मंदे. तू कधी सांगितलं नाहीस. मग ते खुर्चीवर बसले आणि चष्मा पुसत राहिले.

हौसाक्का केव्हापासून त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिला आडपडदा नाही, तुला माहीत आहे. तिनं सरळ विचारलं, "आवं, तुमी कुनाला न्ह्यायला आलाय?"

अण्णांनी पिशवीवरचा हात काढला, परत ठेवला. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार.

"कुणाला यायचंय?" ते म्हणाले.

मग हौसाक्का उठली. हातातला झाडू कोपऱ्यात उभा केला आणि म्हणाली, मी येती. मला आधी मस्करी वाटली. पण ती खोलीवर जाऊन धुवट लुगडं नेसून, गाठोडं घेऊन आली. सत्तरी गाठलेली बाई, लाजत होती. बाकीच्यांनी तिची ओटी भरली. अण्णांनी तो खण तिच्या हातात दिला, आणि मी मोकळेपणानं रडले, नाकाडोळ्यांतून पाणी, कुणाची भीड न धरता.

तू साताऱ्याला गेली असतीस तर हे झालं नसतं, एवढं मला कळतंय. पण तू जायला हवी होतीस, हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. दोन्ही खरं असेल कदाचित. तू असतीस तर यावरही भांडली असतीस, आणि त्या भांडणासाठी माझा जीव अजून तुटतो.

मी त्यांना सोडायला स्टँडवर गेले. सातारची गाडी लागलेली होती. हौसाक्काला खिडकीची जागा मिळाली, गाठोडं मांडीवर घेऊन ताठ बसली. गाडी सुटायच्या आधीच कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि तिला म्हणाला, कुठं जायचं, आजी?

"म्हायाराला," हौसाक्का म्हणाली.

तो पंच हातात धरून थांबला. मागच्या सीटवरून अण्णांनी नोट पुढं केली आणि म्हणाले, "दोन सातारा."